म्हातारं हृदय ॲड्रेनलिनच्या हाकेला ओ का देत नाही? (उंदीर, बीगल आणि आमचे बाबा)

शेवाळं

मागच्या महिन्यात बाबांची डोब्युटामिन स्ट्रेस इको झाली. वय ७६, गुडघे गेलेले, ट्रेडमिल शक्य नाही, मग शिरेतून औषध सोडून हृदयाला झोपल्या जागी पळायला लावायचं आणि पळताना त्याच्या भिंती कशा हलतात ते इकोवर बघायचं असा तो प्रकार. डोस ५ पासून सुरू, मग १०, २०, ३०, ४० मायक्रोग्रॅम, दर किलोला दर मिनिटाला, तीन-तीन मिनिटांच्या पायऱ्या. टार्गेट १२२ ठोके (२२० वजा वय, त्याचे ८५ टक्के). ४० ला पोचले तरी बाबा १०४ वर, एकदम निवांत, वर तिथल्या पोराला विचारतायत बाळ तू कुठल्या गावचा. शेवटी ॲट्रोपिन दिलं तेव्हा गाडी वर चढली. रिपोर्ट चांगला आला, काळजीचं काही नाही, धागा त्यासाठी नाहीये.

धागा यासाठी की ते १०४ बघून मला माझी जुनी लॅब आठवली. एम.फार्म.ला फार्माकॉलॉजी घेतलं होतं आणि त्यातला बराच काळ उंदरांच्या हृदयाचे दोऱ्याएवढे तुकडे टांगून त्यांची ओढ मोजण्यात घालवला. त्याआधी बी.फार्म.ला बेडकाचं हृदय, जुन्या लोकांना आठवेल, केरोसीनच्या धुराने काळा केलेला कागद, फिरणारा ड्रम, स्टार्लिंगचा लिव्हर, ॲड्रेनलिनचा थेंब टाकला की रेघा उंच उंच जातात, ॲसिटिलकोलीन टाकलं की हृदय आडवं. कागद लाखेत बुडवून वाळवायचा आणि जर्नलला चिकटवायचा. हजार वेळा केलं असेल पण बेडकाचं वय काय हा प्रश्न आम्हाला कोणी विचारला नाही आणि आम्हीही नाही विचारला. पुस्तकातले ते सगळे उंच जाणारे आलेख बहुतेक तरुण जनावरांचे असतात हे फार उशिरा डोक्यात शिरलं.

तर मुद्दा. १९७५ मध्ये अमेरिकेत बाल्टिमोरला लकाटा, गर्स्टनब्लिथ, वाइसफेल्ट वगैरे मंडळींनी एक काम केलं. तरुण म्हणजे सहा महिन्यांचे उंदीर आणि म्हातारे म्हणजे दोन वर्षांपुढचे. दोघांच्या डाव्या जवनिकेच्या (हृदयाचा रक्त फेकणारा खालचा कप्पा) आतल्या भिंतीवर ज्या बारीक स्नायूंच्या दोऱ्या असतात त्या काढल्या, दोन्ही टोकांना रेशमाचा धागा बांधून ऑक्सिजनचे बुडबुडे सोडलेल्या क्षारपाण्यात लटकवल्या, विजेचा झटका देऊन ठराविक वेगाने आकुंचन करायला लावलं आणि ओढ मोजली. नुसत्या झटक्यावर म्हाताऱ्या स्नायूची ओढ तरुणाएवढीच. मग नॉरॲड्रेनलिन घातलं, आयसोप्रोटेरेनॉल घातलं (आयसोप्रीनालिन म्हणतात तेच, ॲड्रेनलिनचा कारखान्यात बनवलेला भाऊ, फक्त बीटा रिसेप्टरवर बसणारा). तरुण स्नायू उसळला, म्हातारा थोडा वाढला आणि थांबला. डोस वाढवला तरी तिथेच.

आणि आता खरी मेख: पाण्यात कॅल्शियम वाढवलं तर दोघंही सारखेच उसळले!

म्हणजे स्नायूत दम आहे. ताकद लावायची यंत्रणा शाबूत आहे. हाक ऐकू जाणं आणि त्या हाकेवर कॅल्शियम सोडलं जाणं, यात कुठेतरी गडबड आहे. 'म्हातारपणी हृदय कमजोर होतं' असं आपण सरसकट म्हणतो ना, ते या प्रयोगापुढे टिकत नाही एवढंच मला सांगायचंय. ज्यांना यात रस आहे त्यांनी या, माझं वाचन जुनं आहे, चुकलं तर कान पकडा.

मंदाकिनी_क

छान लिहिलंयस पण मी कॉमर्सवाली, मला ती हाक आणि कॅल्शियम नीट समजावून सांग ना. ॲड्रेनलिन म्हणजे घाबरल्यावर येतं तेच ना?

शेवाळं

हो मंदाताई तेच. मूत्रपिंडावर टोपीसारख्या बसलेल्या ग्रंथीतून येतं, आणि त्याचा सख्खा भाऊ नॉरॲड्रेनलिन हृदयातल्या नसांच्या टोकांतून थेट तिथल्या तिथे सुटतो. जपानी रसायनशास्त्रज्ञ ताकामिने यांनी १९०१ च्या सुमारास ॲड्रेनलिन शुद्ध रूपात वेगळं काढलं, अमेरिकेत बसून.

आता पाटाच्या पाण्याचा विचार कर. शेत म्हणजे स्नायू, पाणी म्हणजे कॅल्शियम. पाणी आलं की स्नायू आवळतो, पाणी उपसलं की सैल पडतो, प्रत्येक ठोक्याला हे एकदा. ॲड्रेनलिन पेशीच्या आत कधी जात नाही, ते वेशीवर उभं राहून हाक मारतं. वेशीवरचा पहारेकरी म्हणजे बीटा रिसेप्टर. तो जी प्रोटीनला सांगतो, ते ॲडेनिलिल सायक्लेज नावाच्या एन्झाइमला उठवतं, ते सायक्लिक एएमपी बनवतं, आणि सायक्लिक एएमपी जागं करतं प्रोटीन कायनेज ए ला. हा कायनेज म्हणजे पाटकरी. तो गावभर फिरून तीन ठिकाणी फॉस्फेटचा शिक्का मारतो. एक, बाहेरून पाणी आत घेणाऱ्या दारांवर, म्हणजे कॅल्शियम चॅनेलवर, ती जास्त उघडतात. दुसरं, पेशीच्या आत कॅल्शियमची टाकी असते, तिच्यात पाणी परत खेचणाऱ्या मोटरवर फॉस्फोलॅम्बन नावाचा ब्रेक बसलेला असतो, तो ब्रेक सुटतो, मोटर जोरात, टाकी पटकन भरते आणि पुढच्या ठोक्याला जास्त सोडता येतं. तिसरं ट्रोपोनिन आय, त्याच्यामुळे स्नायूची कॅल्शियमवरची पकड थोडी ढिली होते म्हणजे सैल पडायला वेळ लागत नाही.

म्हणून ॲड्रेनलिनने ठोका नुसता जोरदार होत नाही, आटोपशीरही होतो. जोरात आवळ, पटकन सोड. कारण मिनिटाला १५० ठोके पडायचे असतील तर सोडायलाही घाई हवी, नाहीतर हृदय भरणार कधी?

लकाटांच्या प्रयोगात बाहेरून कॅल्शियम घालणं म्हणजे पाटकऱ्याला न विचारता शेतात टँकर ओतणं. शेत प्यायलं. म्हणजे शेत ठीक आहे.

तिरफळ

पाटकरी म्हातारा झालाय की वेशीवरचा पहारेकरी बहिरा झालाय? :)

शेवाळं

तिरफळ तू थट्टेत विचारलंस पण पुढची वीस वर्षं यावरच भांडण चाललं.

त्याच बाल्टिमोरच्या गटाने १९८० मध्ये बघितलं तर उंदराच्या हृदयात रिसेप्टरची संख्या जवळपास तेवढीच, सायक्लिक एएमपी वाढतंय तेवढंच, कायनेजही जागा होतोय तेवढाच, आणि तरी म्हाताऱ्याची ओढ कमी. मग त्यांनी हुशारी केली, पेशीच्या आत शिरू शकेल असं सायक्लिक एएमपीचं रूप बाहेरून दिलं, म्हणजे पहारेकऱ्याला बगल. तरीही म्हातारा कमी उसळला. निष्कर्ष, दोष वेशीवर नाही, पाटकऱ्याच्या पुढे आहे.

१९९३ मध्ये कॅनडात वेस्टर्न ओंटारिओ विद्यापीठाच्या नारायणन यांच्या गटाने शिक्के मोजले. आयसोप्रोटेरेनॉल दिल्यावर म्हाताऱ्या उंदराच्या हृदयात फॉस्फोलॅम्बन आणि ट्रोपोनिन आय वर फॉस्फेट कमी बसतंय. इथपर्यंत ठीक.

मग १९९४ ला बाल्टिमोरवाल्यांनीच एकेक पेशी सुटी करून बघितलं, २, ८ आणि २४ महिन्यांचे उंदीर. नॉरॲड्रेनलिनवर कॅल्शियमचा प्रवाह वाढणं, आतलं कॅल्शियम वाढणं, पेशी आखूड होणं, तिन्ही गोष्टी वयाबरोबर कमी होत गेल्या. आणि १९९८ ला परत त्याच गटाचं की बीटा १ आणि बीटा २ दोन्हींचा प्रतिसाद घटतो, रिसेप्टर कमी झालेत, सायक्लेजही मंद. पहारेकरीसुद्धा बहिरा! त्याच वेळी ज्यांच्यावर संशय होता ते हाक दाबणारे जी प्रोटीन आणि रिसेप्टर बंद करणारे कायनेज मात्र त्यांच्या उंदरांत वाढलेले सापडले नाहीत.

अर्धवट_केमिस्ट

एक मिनिट. १९८० ला रिसेप्टर तेवढेच आणि १९९८ ला तेच लोक म्हणतायत कमी झाले? मग कोणतं खरं? मला तर हा प्रकार 'प्रत्येक पेपरात नवा चोर' असा वाटतोय. आणि दुसरं, म्हाताऱ्या उंदराचं हृदय जाड होतं असं ऐकलंय, जाड तुकड्यात मध्यापर्यंत ऑक्सिजन पोचणार नाही, मग ओढ कमी दिसेलच की. यात ॲड्रेनलिनचा काय दोष. टांगलेल्या स्नायूचे प्रयोग मला कायम संशयास्पद वाटतात.

शेवाळं

दुसऱ्याचं आधी. संशय अगदी रास्त, आमच्या सरांनी पहिल्याच दिवशी हेच सुनावलं होतं. टांगलेल्या तुकड्यात रक्त वाहत नाही, ऑक्सिजन पाण्यातून झिरपत आत जातो, त्यामुळे तुकडा जितका जाड तितका त्याचा गाभा गुदमरतो. म्हणून तर त्या केसासारख्या बारीक दोऱ्या निवडायच्या, पाणी शरीराच्या तापमानापेक्षा गार ठेवायचं म्हणजे स्नायूची भूक कमी, झटके सावकाश द्यायचे, आणि ओढ कायम आडव्या छेदाच्या क्षेत्रफळाला भागून सांगायची. मी स्वतः एकदा आठवडाभर जाड तुकडे वापरून सुंदर 'म्हातारपणाचा परिणाम' मिळवला होता, सरांनी एका वाक्यात कचऱ्यात टाकला.

पण म्हणूनच कॅल्शियमची ती जोडचाचणी इतकी मोलाची आहे रे. गाभा गुदमरलेला असता तर कॅल्शियमवरही म्हातारा मागे पडला असता. नाही पडला. शिवाय सुट्या पेशींत जाडीचा प्रश्नच नाही आणि तिथेही तेच दिसलं.

आता पहिलं. १९८० ला हृदयाच्या मधल्या पडद्याचे तुकडे होते, नव्वदीत सुट्या पेशी. रिसेप्टर मोजायच्या पद्धती वेगळ्या, पेशी सुट्या करताना कोणत्या जगतात कोणत्या मरतात तेही आलं. उंदरांची जात बदलली की रिसेप्टरचा आकडाही बदलतो हे या क्षेत्रात सगळ्यांना माहीत आहे. मला विचारशील तर चोर एक नाहीये, साखळीतली प्रत्येक कडी थोडी थोडी झिजलीय आणि ज्याने जी कडी नीट मोजली त्याला ती सापडली. शेवटच्या टोकाला ओढ कमी पडते यावर मात्र भांडण नाही, ते सगळ्यांना दिसलं.

आणि एक गंमत. १९७९ मध्ये याच लोकांनी वाबेन वापरलं, डिजिटॅलिस या हृदयाच्या जुन्या औषधाच्या कुळातलं, ज्याचा बीटा रिसेप्टरशी काडीचा संबंध नाही, ते सोडियम पंपावर काम करतं. म्हातारा स्नायू त्यालाही कमी उसळला. म्हणजे सगळं खापर वेशीवरच्या पहारेकऱ्यावर फोडता येत नाही.

डॉक_जुना_वाडा

भूलतज्ज्ञ आहे, धागा आवडला म्हणून बऱ्याच दिवसांनी लॉगिन केलं. दोन गोष्टी.

बाबांच्या बाबतीत लगेच वयाला दोष देऊ नका शेवाळंताई. बीटा ब्लॉकर (बीटा रिसेप्टर अडवणारी गोळी) चालू होता का? टेस्टच्या आधी किती दिवस बंद केला? आणि टार्गेटमध्येच वय वजा केलेलं असतं, त्यामुळे म्हाताऱ्यांना मुळात कमी गाठायचं असतं. तरुण पेशंटलाही ॲट्रोपिन लागतं की कधी कधी. एका १०४ वरून काही सिद्ध होत नाही. ॲट्रोपिन का चालतं हेही लिहा, ते ढकलत नाही, व्हेगस नसेचा लगाम सोडतं.

दुसरं, माणसातलं. १९७९ चा एक क्लासिक अभ्यास आहे, व्हेस्टल आणि मंडळींचा. निरोगी लोकांना आयसोप्रोटेरेनॉल शिरेतून देत जायचं आणि ठोके २५ ने वाढायला किती लागलं ते बघायचं. वय जास्त तितका डोस जास्त लागला. आणि गंमत म्हणजे प्रोप्रानोलॉल, म्हणजे बीटा अडवणारं औषध, त्याचाही असर म्हाताऱ्यांत कमी. रिसेप्टरशी बोलणारं कोणीही असो, संभाषण मंदच. ऑपरेशन थिएटरात आम्हाला रोज दिसतं हे. ऐंशीच्या आजींचं बीपी पडलं की तरुणाला पुरेल तेवढ्याने ठोके हलत नाहीत.

शेवाळं

डॉक, बरोबर, कान पकडले. बीटा ब्लॉकर त्यांना नाहीच्चे, फक्त बीपीची दुसरी गोळी. पण मान्य, एका माणसावरून नाही बोलायचं, मी ते आठवणीच्या धाग्यासारखं लिहिलं.

कुत्र्यांतही हेच दिसलंय, १९७९ लाच, म्हाताऱ्या बीगल कुत्र्यांत आयसोप्रोटेरेनॉलने ठोके तरुणांइतके वाढत नाहीत. उंदीर, कुत्रा, माणूस, तिघंही एकाच ओळीत आले की मला जरा धीर येतो, नुसत्या उंदरावर मी कधी विश्वास ठेवत नाही.

अर्धवट_केमिस्ट

उंदरावर का नाही? तूच तर आयुष्य घालवलंस त्यात.

शेवाळं

म्हणूनच ;)

लॅबचा उंदीर जन्मभर पिंजऱ्यात, समोर कायम खाणं, पळायला जागा नाही. आपल्याकडे सोफ्यावर बसून चिवडा खाणारे काका असतात ना, तसं. दोन वर्षांनी त्याचं हृदय बघून आपण म्हणणार हे म्हातारपण. त्यातलं वय किती आणि बैठेपण किती? फिशर ३४४ नावाची जी जात म्हातारपणाच्या अभ्यासात फार वापरतात तिच्यात उतारवयात मूत्रपिंडं बिघडतात, रक्ताचा कर्करोग होतो, मग वय मोजतोय की आजार?

शिवाय उंदराच्या हृदयाचे ठोके मिनिटाला तीनशेच्या वर. त्याच्या तरुण जवनिकेत अल्फा मायोसिन असतं, झपाट्याने ओढणारं, वयाबरोबर त्याच्या जागी सावकाश बीटा मायोसिन येतं. माणसाच्या जवनिकेत तरुणपणापासूनच बीटाच जास्त. म्हणजे उंदरातला हा बदल तसाच्या तसा आपल्याला लावता येत नाही. बिनऔषधाचं आकुंचन म्हाताऱ्या उंदरात लांबतं, आवळायला वेळ आणि सैल पडायलाही वेळ, टाकीत कॅल्शियम खेचणारी मोटर मंदावलेली असते. ओढ तेवढीच पण रेंगाळणारी.

नाना_वडगाव

मी ७१. दर रविवारी सिंहगड चढतो, पायथ्यापासून, गेली २६ वर्षं. तुमचं सगळं वाचलं, निम्मं कळलं. मला एवढंच सांगा की हाक ऐकू येत नसेल तर मी वर पोचतो कसा?

शेवाळं

नाना, धाग्यातला सगळ्यात चांगला प्रश्न तुमचा.

बाल्टिमोरला १९५८ पासून एक अभ्यास चालू आहे, तीच माणसं वर्षानुवर्षं परत परत तपासायची. नेथन शॉक म्हणून होते त्यांचा त्यात मोठा हात, आणि १९७५ च्या उंदरांच्या पेपरवरही त्यांचं नाव आहे. त्या अभ्यासातल्या निरोगी लोकांना, हृदयाच्या नळ्या साफ असल्याची खात्री करून, सायकल मारायला लावली, १९८४ चं काम. तर वय झालेल्यांचे ठोके तरुणांएवढे वर गेले नाहीत, पण दर मिनिटाला हृदय एकूण जेवढं रक्त फेकतं ते जवळपास तेवढंच राहिलं. कसं? म्हाताऱ्या हृदयाने स्वतःला जास्त भरून घेतलं. ठोके कमी तर दोन ठोक्यांमध्ये वेळ जास्त, हृदय फुगतं, स्नायू ताणला जातो आणि ताणलेला स्नायू आपोआप जास्त जोराने आवळतो, स्टार्लिंगचा नियम, तोच तो ड्रमच्या लिव्हरवाला स्टार्लिंग. हाक कमी ऐकू येते म्हणून त्याने दुसरा रस्ता धरला.

याच्या पुढचं जास्त मस्त आहे. तरुणांना प्रोप्रानोलॉल देऊन व्यायाम करायला लावला तर त्यांचं हृदय म्हाताऱ्यांसारखं वागायला लागलं, ठोके कमी, आकार मोठा. म्हणजे व्यायाम करतानाचं तुमचं हृदय म्हणजे साधारण बीटा ब्लॉकर घेतलेल्या पोराचं हृदय. तुम्ही फुकटात घेताय.

नाना_वडगाव

हाहा. पोरांना सांगतो. पण मग २६ वर्षं चढून माझी हाक तरुण राहिली असेल का?

डॉक_जुना_वाडा

नाना, दुर्दैवाने त्याबाबत पुरावा फार उत्साहवर्धक नाही. १९९२ च्या सुमाराचा एक अभ्यास आहे, निरोगी तरुण आणि वयस्कर पुरुषांना सहा महिने कसून व्यायाम दिला, दमसास वाढला, पण आयसोप्रोटेरेनॉलला हृदयाचा प्रतिसाद काही वाढला नाही. फायदा झाला तो बाकी मार्गांनी.

शेवाळं

उंदरांत मात्र चाक फिरवायला दिलेल्या म्हाताऱ्यांचं ते रेंगाळणारं आकुंचन परत आखूड झालं होतं, १९८३. म्हणजे टाकीची मोटर व्यायामाने सुधारते असं दिसतं, हाक ऐकणं सुधारतंच असं नाही. दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत आणि वर्तमानपत्रात दोन्हींची खिचडी करून 'व्यायामाने हृदय तरुण' छापतात, त्याचा मला राग आहे.

मंदाकिनी_क

पण हाक ऐकू येईनाशी होतेच का मुळात? शरीराला ॲड्रेनलिन कमी पडतं का वय झाल्यावर?

शेवाळं

उलट ताई! वयाबरोबर रक्तातलं नॉरॲड्रेनलिन वाढतं. नसेच्या टोकातून सुटलेलं नॉरॲड्रेनलिन परत आत ओढून घेणारी यंत्रणा असते, ती हृदयात वयाबरोबर ढिली पडते, म्हणून ते जास्त वेळ रिसेप्टरपाशी घुटमळत राहतं. घरात एखादं माणूस सकाळपासून कटकट करतं, मग त्याने खरंच आग लागली म्हणून ओरडलं तरी कोणी उठत नाही, तसलं काहीतरी. पेशी सतत हाक ऐकून रिसेप्टर आत ओढून घेतात, उरलेल्यांचा जी प्रोटीनशी धागा सैल होतो. हृदय निकामी होत चाललेल्या पेशंटमध्ये हेच फार जोरात होतं. १९९४ मध्ये निरोगी पण प्रत्यारोपणाला न वापरलेल्या मानवी हृदयांवर काम झालं, त्यातही वय वाढेल तसे बीटा १ रिसेप्टर कमी आणि जोडणी सैल दिसली.

तिरफळ

म्हणजे निसर्गानेच व्हॉल्यूम कमी केला म्हणायचा. म्हाताऱ्या इंजिनाला जास्त रेस करू नये म्हणून. बरंच झालं की मग.

शेवाळं

असं म्हणायचा मोह मलाही होतो. २००७ मध्ये न्यू जर्सीच्या व्हॅटनर यांच्या गटाने ॲडेनिलिल सायक्लेज ५ हे जनुकच काढून टाकलेल्या छोट्या उंदरांवर काम केलं, म्हणजे हाकेच्या साखळीतली एक कडी जन्मापासून गायब. ते उंदीर साधारण ३० टक्के जास्त जगले आणि म्हातारपणी त्यांचं हृदयही कमी बिघडलं. पण ती कडी हृदयातच नाही तर शरीरभर काढलेली होती, मेंदूत पण असते ती, त्यामुळे सगळं श्रेय हृदयाला कसं द्यायचं. आणि बहिरेपण सोयीचं असलं तरी जिन्यावरून पडताना, रक्तस्राव झाल्यावर, ऑपरेशनच्या टेबलावर जेव्हा खरंच धावायचं असतं तेव्हा तीच उणीव आडवी येते. डॉक सांगतील.

डॉक_जुना_वाडा

येते. म्हणूनच वेशीवरून न जाणारी औषधं जवळ ठेवतो. मिलरिनोन सायक्लिक एएमपी तोडणारं एन्झाइम अडवतं, म्हणजे पहारेकरी चुकवून मधूनच घुसायचं. पण शेवाळंताईंनी १९८० चं सांगितलं त्या हिशोबाने पाटकऱ्याच्या पुढेच दोष असेल तर यालाही मर्यादा. लेवोसिमेंडान आणखी पुढे जातं, ते ट्रोपोनिनची कॅल्शियमबद्दलची संवेदना वाढवतं, आहे तेवढ्याच पाण्यात जास्त ओढ. मात्र रक्तवाहिन्या पण सैल करतं, बीपी पडतं, आजींना द्यायचं तर दहा वेळा विचार करून. घरी बसून कोणी यातलं काही ठरवू नका, हे आयसीयूतले प्रकार आहेत.

अर्धवट_केमिस्ट

हे टँकरचं लॉजिक मस्त. मग सरळ कॅल्शियमच का देत नाही माणसाला?

डॉक_जुना_वाडा

देतो कधी कधी, रक्तातलं कॅल्शियम कमी असेल तर, किंवा पोटॅशियम चढलं असेल तर. एरवी टँकर ओतत राहिलं की शेत चिखल होतं. हृदय आवळून सैलच पडणार नाही आणि ठोके बिघडतील ते वेगळंच. म्हाताऱ्या हृदयाची मोटर आधीच मंद, हे वर लिहिलंय ना.

नाना_वडगाव

शेवटचा प्रश्न, मग जातो. मुलाने घड्याळ दिलंय, ते १४९ च्या वर गेलं की कोकलतं. तुमच्या सगळ्या चर्चेनुसार माझे ठोके कितीपर्यंत चालतील?

शेवाळं

नाना, ते १४९ म्हणजे २२० वजा ७१. हे सूत्र १९७१ च्या सुमारास इकडून तिकडून जमवलेल्या आकड्यांवरून काढलेली ढोबळ रेघ आहे, कोणी त्यासाठी खास प्रयोग केला नव्हता. २००१ मध्ये तनाका यांनी बरेच अभ्यास एकत्र करून २०८ वजा वयाच्या ०.७ पट असं मांडलं, त्याने तुमचे १५८ येतात. पण दोन्ही सरासरी आहेत, एकाच वयाची दोन माणसं सहज दहा-पंधरा ठोक्यांनी वेगळी निघतात. आणि हे कमाल ठोके, तिथे पोचायलाच हवं असं नाही. छातीत दडपलं, चक्कर आली, नेहमीपेक्षा जास्त धाप लागली तर आकडा काहीही असो थांबायचं. तुमच्या डॉक्टरांना विचारून त्या घड्याळातला आकडा बदलून घ्या.

तिरफळ

नाना वर पिठलं-भाकरी खाल्लीत की फोटो टाका.

नाना_वडगाव

आज गेलो होतो. शेवटच्या चढाला १५१ दाखवलं, घड्याळ कोकललं, पुढचे मागचे सगळे वळून बघायला लागले म्हणून काढून खिशात टाकलं. डॉक्टरांकडे बुधवारी जातोय. पुणे दरवाज्यापर्यंत एक तास चाळीस मिनिटं. दही संपलं होतं.